आठ नंबरचा पाय

पांढुर्ण्याच्या बाजारात तो कित्येक वर्षं निंबाखाली चपला शिवत बसायचा. माणसाच्या तोंडाकडे कधी पाहायचा नाही, पायांवरूनच ओळखायचा. मी समोर उभा राहिलो की मान खालीच ठेवून म्हणायचा, "टाच बाहेरून घासून राहिले तुम्ही, गुरुजी. सरळ चालत जा जी."

मग बाजारात म्हणे जीव आणायचं ठरलं. निंबाखालची सगळी रांग उठवली आणि तिथं जड चेंडू घरंगळवून लाकडी बाटल्या पाडायच्या बॉलिंगचा हॉल उभा राहिला. नातीच्या हट्टापायी मीही गेलो. आपल्या चपला काउंटरवर ठेवून तिथले बूट घालावे लागतात. काउंटरमागे निळ्या टी-शर्टात तोच उभा होता. मी तोंड उघडायच्या आत त्यानं आठ नंबरचे बूट पुढं सरकवले.

माझी चप्पल उचलताना त्याचा अंगठा पट्ट्याच्या उसवलेल्या टाक्यावर थांबला. टाका त्याचाच होता. सवयीनं त्याचा उजवा हात आरीसाठी बाजूला गेला, आणि हाती आली बुटांत मारायच्या वासाच्या फवाऱ्याची बाटली.

"दोन टाके मारून दे ना गा," मी म्हटलं.

"मले आरी आत आणू देत नाहीत जी. इथले बूट फाटले तरी फेकूनच देतात."

खेळ आटोपून निघालो, तर हॉलच्या पायरीवरच पट्टा तुटला. चप्पल हातात घेऊन मी मागं काउंटरकडे वळलो. माझ्या अनवाणी पायाकडे त्यानं पाहिलंच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.