लातूरचा दर्यावर्दी

तो बोअरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. यंदा दिवाळीपासून मात्र दर दुसऱ्या शनिवारी कोकणात जातो. तिथं त्याच्या एका दोस्तानं शिडाची छोटी बोट घेतलीय. चौघं मिळून किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरतात. सोमवारी हा नाकाची सालटं निघालेल्या अवस्थेत चहाच्या टपरीवर हजर. आधी बोट ओलं करून हवेत धरणार, मग म्हणणार, "वारं वायव्येचं हाय. शीड लई भरलं असतं आज." प्रत्येक वाक्यानंतर थांबतो, जणू लाट खालून जाऊ देतोय. आणि सगळी टपरी गप्प बसून ऐकते.

मी वीस वर्षं भूगोल शिकवतोय. फळ्यावर वाऱ्यांचे बाण काढतो. मला कुणी कधी वारा विचारला नाही.

काल तो म्हणाला, "सर, या खेपेला एक जागा हाय. येता का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या बोटीत त्याचा पाहुणा होऊन बसायचं माझ्या जिवावर आलं. लहानपणी चाकूरच्या विहिरीत दिवसदिवस डुंबलेला मी म्हणालो, "मला पोहता येत नाही."

"मला तरी कुठं येतंय, सर?" तो म्हणाला.