जाळाकडे तोंड केलेल्या गाठी

आमोस मामा त्या पांढऱ्या पिकअपमध्ये काय करत होता, हा प्रश्न लॉर्नाच्या डोक्यातून जाईना. गाडी गॅसचे पाइप टाकणाऱ्या कंपनीच्या मोजणीवाल्यांची. मामा पुढच्या सीटवर ऐटीत बसलेला, पायात नवे करकरीत बूट.

मामा तिच्या आईचा धाकटा भाऊ. जन्मभर सापळे लावले, मूस हरणांची कातडी कमावली आणि दर उन्हाळ्यात ओढ्यापलीकडच्या माळावर जाळ सांभाळला. पूर्वी त्या माळावर सगळ्या नद्यांकाठचे दाने-झा, म्हणजे त्यांच्या जमातीचे लोक, घोडे घेऊन जमायचे. स्वप्नात गाणी सापडलेली म्हातारी माणसं ती डफावर म्हणायची आणि लोक जाळाभोवती सूर्याच्या वाटेने फेर धरायचे. वर्षभराची भांडणं तिथं मिटायची. लॉर्नाच्या आईवडिलांचं जुळलंही तिथंच. यंदा तिची लेक टेसा पहिल्यांदा फेरात उतरणार होती, आणि नेमकी आताच कुणकुण लागली होती की माळातून गॅसवाल्यांचा रस्ता जाणार.

माळाच्या कडेच्या झाडांना मोजणीवाले खुणेला बांधतात तशा नारिंगी फिती दिसल्या तेव्हा तिने गाडी थांबवली. गाठ ओळखीची होती. डफाचं कातडं ताणताना मामा मारतो तीच. ती तडक जमातीची प्रमुख डेलिया हिच्याकडे गेली आणि म्हणाली, यंदा जाळ मामाच्या हाती नको. संध्याकाळच्या बैठकीत तसं सांगते, असं डेलिया म्हणाली.

मग ती मामाकडे गेली. तो धुरावर टांगायला मांस पातळ कापत बसला होता. तिने आधी बुटांचं विचारलं.

"पाय ओले होत होते, म्हणून दिले त्यांनी," मामा म्हणाला. "पाय नाही विकले मी."

"आणि फिती?"

"मीच बांधल्या."

"परक्यांना जागा दाखवलीस?"

"मागे गप्प बसून पाहिलं की. तुझ्या आजोबांना पुरलं तिथून पाइप गेला. का? तर कुणी सांगितलंच नव्हतं." त्याने सुरी पुसली. "फिती गाडीतून पाहिल्यास ना? शिकलेली माणसं. जा, फेर धरून ये."

ती चिडूनच गेली. जुन्या जाळाची काळी जागा उजव्या हाताला ठेवून, नाचात चालतात तशी चालू लागली. फिती आत शिरल्याच नाहीत. वाळुंजाच्या झुडपांमागून माळाला वळसा घेत त्या पुन्हा रस्त्यापाशी आल्या. रस्त्याची आखणी असती तर गाठी रस्त्याकडे असत्या. या सगळ्या गाठी जाळाकडे होत्या, फेरातली माणसं तोंड करतात तशा.

मामाने माळाभोवती फितींचं कुंपण घातलं होतं. मोजणीवाले ते मानतील यावर तिचा अजूनही विश्वास नव्हता. पण तो संशय त्यांच्यावर होता, मामावर नाही. बैठकीची वेळ होत आली होती. फोनला रेंज फक्त टेकाडावर मिळायची. ती धापा टाकत वर चढली आणि सकाळचं बोलणं मागे घ्यायला तिने डेलियाचा नंबर काढला.