नळवाले भाऊंचं पुस्तक आणि माझी चक्की

पाण्याच्या एका घोटावरून विहीर ओळखणारा माणूस सगळ्या पांढुर्ण्यात एकच झाला, ते आमचे नळवाले भाऊ. दुसरा झाला असता तर लोकांनी त्यालाही चहाला बोलावणं बंद केलं असतं. त्यांची सगळी नोकरी पाणीखात्यात झाली म्हणून ते नळवाले, पण नळाच्या पाण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पंगतीला बसले की पहिला घोट गालात धरायचे, डोळे मिटायचे आणि वाढणाऱ्याला म्हणायचे, "हे तिगावकडचं आहे. टँकर कोणं आणला?" मयतीला गेले तरी घरामागच्या विहिरीत खडा टाकून मोठ्याने आकडे मोजल्याशिवाय परत यायचे नाहीत. एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले आणि पाणी पिऊन तिच्या बापाला सांगितलं, की पाच वर्षांत तुम्ही विहिरीतला गाळ काढला नाही. सोयरीक मोडली. वर मलाच विचारलं, "वहिनी, मी पोरीबद्दल एक शब्द बोललो काय?"

माझे मालक वारल्यावर आटाचक्की मीच चालवायची आणि भाऊंचं घर चक्कीच्या समोर. माझं माहेर मोहगावचं, तेही मोहगावचेच. पण आम्ही शेतीवाले, ते बौद्ध, त्यांची वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. आमची ओळख व्हायला दोघांनाही पांढुर्ण्याला यावं लागलं. गहू दळायला आणले की डबा ठेवून जायचे नाहीत, शेवटचं पीठ पडेपर्यंत उभे राहायचे.

निवृत्त झाल्यावर, सन पंच्याऐंशीच्या आसपास, त्यांनी पुस्तक लिहिलं. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंतच्या विहिरी: कोणी खोदली, पाणी कसं, कोणाला भरू देत आणि कोणाला नाही. प्रेसवाला म्हणाला, पाचशे प्रतींच्या खाली मशीन लावत नाही. भाऊ म्हणाले, "पाचशे वाचणारे दाखव, मंग लाव." एका शाळेने भंगारात काढलेलं, हाताने फिरवून प्रती काढायचं सायक्लोस्टाइल मशीन त्यांनी उचलून आणलं, दोन महिने बसून मेणकागदाच्या स्टेन्सिली कापल्या, आणि नियम केला, की कोणी मागेल तेव्हाच एक प्रत फिरवायची, सुईदोऱ्याने शिवायची आणि द्यायची. स्टेन्सिल किती प्रती सोसते ते ठरलेलं, पुढे अक्षरं फाटतात. न वाचणाऱ्याच्या हाती गेलेली प्रत म्हणजे वाचणाऱ्याची एक कमी. सगळी चिंता एवढीच, की पुस्तक विकायला द्यायचं कोणाला.

त्यासाठी त्यांनी परीक्षा काढली. माझ्याकडून चिमूटभर मैदा न्यायचे, त्याची लई, म्हणजे खळ, शिजवायचे आणि चोपन्न आणि पंचावन्न ही समोरासमोरची पानं कडेने चिकटवायचे. जो वाचेल तो पानं सोडवेल. बाजारातल्या पुस्तकवाल्याने आठ दिवसांनी प्रत परत दिली. "एकदम बढिया लिहिलं जी. डोळ्यांत पाणी आलं."

"कोणत्या पानाले आलं?"

"सगळ्याच."

भाऊंनी चोपन्नावं पान उजेडाला धरलं, जसंच्या तसं चिकटलेलं. सौंसरच्या स्टँडवरचा पेपरवाला म्हणाला, वरती बाईचं चित्र टाका. तिसऱ्याला शंभर प्रती एकदम गोदामात हव्या होत्या. प्रत्येक वेळी भाऊ ती प्रत पिशवीत घालून बसने घरी यायचे आणि माझ्या पायरीवर बसायचे. चेहरा पार उतरलेला. शेवटी मीच म्हटलं, द्या इकडे.

"तुम्ही वाचता काय?"

"चौथी झाली आहे माझी. आंधळी नाही मी."

मला महिना लागला. पहिली वीस पानं कंटाळवाणी होती, तसं मी त्यांना सांगितलंही. चोपन्नावं पान मी विळीवर सोडवलं. त्यात भाऊंनी लिहिलं होतं, "मोहगावला कवठाच्या झाडाखाली एका मोठ्या घरची विहीर होती. माझी आई घागर घेऊन दूर उभी राहायची. कोणी वरून पाणी ओतलं की घरी यायची. थोडा वेळ लागायचा."

मोहगावात कवठाखालची विहीर एकच होती, आमची.

दुसऱ्या दिवशी ते गहू घेऊन आले तेव्हा मी चक्कीचा पट्टा चढवला नाही. म्हटलं, "थोडा वेळ काहून लिहिलं? माझी आजी दुपारपर्यंत उभं ठेवत होती. मी लहानपणी पाह्यलं आहे."

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाले, "वहिनी, तुमचं घर आहे म्हणून नाव नाही टाकलं."

"नाव टाका. खोटं कशाला विकून राहिले?"

चोपन्नाव्या पानाची स्टेन्सिल त्यांनी नवी कापली, आमच्या आडनावासकट. आणि पुस्तक विकायला माझ्याकडे दिलं. तशी जागा चांगली होती. दळण होईपर्यंत माणूस कुठे जातो? एक प्रत मी खिळ्याला सुतळीने बांधून ठेवली. कोणी बसल्या बसल्या वाचायचं, ज्याला हवी त्याचं नाव पाटीवर, संध्याकाळी समोर भाऊंच्या मशीनचा खडखड आवाज. माझे मोठे दादा मोहगावहून आले आणि म्हणाले, "घरची इज्जत चक्कीवर टांगून ठेवली काय?" मी म्हटलं, चोपन्नावं पान वाच, मग बोल. त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही. पुढे कित्येक वर्षं माझ्या दारात आले नाहीत.

त्या अवधीत भाऊ गेले. शेवटच्या दुखण्यातही तांब्यातलं पाणी नळाचं आहे, म्हणून सुनेशी भांडले. मशीन भंगारात परत गेलं, स्टेन्सिली उन्हाळ्यात एकमेकींना चिकटून गोळा झाल्या. माझ्याकडे एकच प्रत उरली. भाऊंची खोड मला लागली होती, तिचीही ती दोन पानं मी लईने चिकटवून ठेवली.

मग एक दिवस दादा आले, काठी टेकत. चहा झाला, संत्र्याच्या बागेचं बोलून झालं. उठता उठता म्हणाले, "ते पुस्तक आहे काय?" मी दिलं. दोन महिन्यांनी परत आणलं. मी आधी चोपन्नावं पान उघडलं. चिकटलेली कड ब्लेडने नीट सोडवलेली होती.

दादा दाराकडे पाहत म्हणाले, "दुपारपर्यंतच नाही ठेवत होती आजी. कधी कधी दिवस बुडून जाये."

मी ते समासात पेन्सिलने लिहून ठेवलं आहे. नवी स्टेन्सिल कापायला समोर कोणी नाही.