स्लॅबखाली उभं कुणी राहायचं

आमच्या घरी स्लॅबचे टेकू काढायचे त्या दिवशी चूल पेटत नाही. हुबळीहून लग्न होऊन म्हैसूरला आले तेव्हा मला वाटलं, असेल काहीतरी उपास. सासूबाई म्हणाल्या, "उपास नव्हे गं. तुझे मामंजी स्लॅबखाली उभे आहेत. ते नीट बाहेर आल्याचा निरोप येऊ दे, मग चहा." अय्यो देवा, म्हटलं, कुठल्या घरात येऊन पडले मी!

ही रीत आजेसासऱ्यांची. आम्ही मूळचे रंगारी. लष्कर मोहल्ल्यात त्यांची कापड रंगवायची भट्टी होती. गिरणीचं कापड आलं, भट्टी विझली, मग त्यांनी लोकांच्या भिंतींना चुना लावायला घेतला आणि चुन्यावरून हळूहळू घरं बांधण्यावर आले. पहिल्या स्लॅबचे टेकू काढायची वेळ आली तर मजूर आत जाईनात, कारण जवळच कुणाचा तरी स्लॅब नुकताच कोसळला होता. आजेसासरे म्हणे पान चघळत आत गेले आणि मधोमध उभे राहिले. म्हणाले, आता काढा. तेव्हापासून घरचा कर्ता खाली उभा राहिल्याशिवाय आमच्या कंपनीचा एक टेकू निघालेला नाही. त्यांच्यामागून मामंजी, मामंजींमागून आमचे हे. गावात नाव झालं ते याच्यामुळेच.

नाव त्यांचं झालं आणि जीव टांगणीला लागला आमचा! थंडगार चुलीपुढे बसून मी किती सकाळी काढल्या असतील. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, आता पुरे. हे हसले. "उभंच तर राहायचंय," म्हणाले.

मग मुलगा इंजिनियर होऊन कंपनीत आला. नवी विटी, नवं राज्य. त्याला ही रीत म्हणजे निव्वळ खुळचटपणा वाटायची. "आई, स्लॅब हिशेबावर उभा राहतो, अप्पांवर नाही." बरोबरच होतं त्याचं, मी कुठे नाही म्हणते! पण पोरगा भारी उतावळा. बोगादीला एका पुण्याच्या जोडप्याचं घर चाललं होतं. त्यांना वास्तुशांतीची घाई, आणि ह्याला तेच टेकू बेळगोळच्या दुसऱ्या कामावर हवे होते. जेवताना हे म्हणाले, "अजून कच्चा आहे रे. थोडे दिवस थांब."

"अप्पा, आता काँक्रीटमध्ये औषध घालतात, लवकर घट्ट होतं. मी हिशेब केलाय. उद्याच काढू. तुम्ही या नेहमीसारखे."

सकाळी उठून हे टेकूच्या दिवशीचा पांढरा शर्ट घालायला लागले, तशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "कच्चा आहे म्हणता आणि वर त्याच्याखाली जाऊन उभे राहता? मी नाही जाऊ देणार!"

"माणसं खोळंबतील," हे म्हणाले. मग मीही चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

बोगादीला मेस्त्री हातोडा घेऊन तयार होता, पण त्याचाही चेहरा उतरला होता. हे दारापर्यंत गेले. वर पाहिलं. आणि मागे फिरले.

"आजपासून कंपनी तुझी," मुलाला म्हणाले. "तू उभा राहा."

नवऱ्याला वाचवायला आले होते आणि पोरगाच आत चालला होता! तो हसत गेला, मधोमध उभा राहिला. मेस्त्रीनं कन्नडमध्ये विचारलं, काढायला घेऊ का? मुलानं वर पाहिलं. मग टेकूंकडे, मग परत वर. त्याच्या कपाळावर घाम दिसत होता.

"बेड," तो कन्नडमध्येच म्हणाला. "बेड, बेड. नको. राहू देत अजून." आणि भराभर बाहेर आला.

मी मनातल्या मनात चामुंडीला हात जोडले. गाडीत बसल्यावर मात्र डोक्यात एक किडा वळवळायला लागला, तो काही केल्या जाईना.

दुपारी तो जेवायला आला. मी वाढता वाढता थांबले. माझ्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच.

"एक सांग. सकाळी अप्पा उभे राहणार होते तोवर तुझा हिशेब बरोबर होता, होय ना रे?"

त्याचा हात भातातच राहिला. म्हणाला, "अप्पा नेहमीच उभे राहतात ना, आई. मी... मी तसा विचारच केला नाही."

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. मला रडूच फुटलं. "वाढ त्याला," हे म्हणाले. "सुम्ने वाढ, काही बोलू नकोस." मी वाढलं.

पुढे स्लॅब नीट पक्का झाल्यावर टेकू काढायचा दिवस ठरला. मुलगा पहाटेच गेला. मला म्हणाला, "अप्पांना पाठवू नकोस, मी उभा राहतो." ह्यांनी पांढरा शर्ट घातलाच होता. तो अंगात तसाच ठेवून हे स्वयंपाकघरात आले आणि न पेटवलेल्या गॅससमोर माझ्याशेजारी पाटावर बसले. फोन मधे ठेवला. एकदा उचलून पाहिला. परत पाहिला. रेंज आहे ना, म्हणाले. मेस्त्रीला लावू का, म्हणाले. मी म्हटलं, बसा गप्प, हातोडा चालू असताना कुणी फोन करतं का?

थोड्या वेळानं हे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दर वेळी तू अशी बसायचीस?"

"मग काय, नाचायची?"

ह्यांनी माझा हात धरला. फोन अजून वाजला नव्हता.