चाळीस पावलं आधी उतरणारी कारलिगाच

एसेनकुलला फसवणं सोपं नव्हतं. घोडा विकत घ्यायला गेला की तो आधी विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचा आणि मग घोड्याच्या तोंडात. कोचकोरच्या गुरांच्या बाजारात तो दिसला की दलाल हळूच दुसऱ्या रांगेत सरकायचे. चाळीस वर्षं त्यानं डोंगरावर लोकांचे घोडे राखले. त्याच्या कळपातून एक शिंगरूही कधी चोरीला गेलं नाही, कारण लांडग्यावर घ्यायचा तेवढाच संशय तो शेजाऱ्यावरही घ्यायचा. असा माणूस त्रेसष्टाव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, कॉम्प्युटरवर राक्षस मारायला शिकतोय हे कळलं तेव्हा अख्ख्या गल्लीनं तोंडात बोटं घातली.

त्याला कारण कुबात, त्याचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी तो रशियात एका गोदामात कामाला गेला होता. पहिल्या वर्षी सुट्टीत आला, अंगणातल्या तोरू घोड्याला मिठी मारली, मग आईला, मग बायकोला. या वर्षी मात्र आलाच नाही. फोनवर त्याचा नुसता चेहरा दिसायचा आणि मागे तीच ती हिरवी भिंत.

“कधी येतोस?” एसेनकुल विचारायचा.

“डबल पाळी चालू आहे, बाबा. श्वास घ्यायला वेळ नाही.”

एसेनकुल फोन ठेवायचा आणि त्या भिंतीचा विचार करत बसायचा. गोदामातल्या भिंती कोण हिरव्या रंगवतं?

एक दिवस भाकरीची कणीक तिंबता तिंबता सून जिपारनं तोंड उघडलं. लग्नानंतर ती आणि कुबात मिळून इंटरनेटवरचा एक खेळ खेळायचे. तलवारी, जादू, राक्षस, हजारो माणसं एकाच वेळी आत. तो रशियाला गेल्यावर तर दोघांची भेट तिथंच व्हायची. मग उन्हाळ्यात कुबात म्हणाला, मी खेळ सोडला, तूही सोड. तिनं सोडला. पण गेल्या आठवड्यात सहज आत डोकावली, तर त्याच्या नावापुढे हिरवा दिवा, म्हणजे तो आत खेळतोय. सकाळी दहाला होता, दुपारी होता, संध्याकाळीही होता.

“श्वास घ्यायला वेळ नाही म्हणतो ना?” एसेनकुल म्हणाला.

“आणि बाबा, त्याच्याबरोबर सदा एकच जण असते. आकमोर नावाची. तो लढतो, ती त्याच्या जखमा बऱ्या करते.”

चुलीपाशी बसलेल्या बातमानं, एसेनकुलच्या बायकोनं, चहाचा वाडगा खाली आपटला. “झालं! बाई ठेवलीय कार्ट्यानं.”

जिपारनं मान खाली घातली. हे तिच्या मनात आधीच येऊन गेलं होतं, फक्त ओठांवर आलं नव्हतं. एसेनकुलला तिचे हात दिसले. कणकेत रुतलेले, न हलणारे. तसं असेल तर ही पोरगी वसंतात आपलं गाठोडं बांधून माहेरी जाईल, हे त्याला लख्ख दिसलं. आणि तिला थांब म्हणायला त्याच्याजवळ तोंड उरणार नव्हतं.

“मला त्या गावात घेऊन चल,” तो म्हणाला.

“कुठल्या गावात?”

“तो जिथं दिवसभर बसतो तिथं. मी कोण ते त्याला कळता कामा नये.”

पहिली अडचण दारातच आली. खेळानं नाव विचारलं. जिपारची बोटं थांबली. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, मग लिहिणार तरी कशी? तिनं डोळे मिटून सुचेल ते लिहिलं: कारलिगाच, म्हणजे पाकोळी. एसेनकुलला वाटलं, असेल काही टोपणनाव, पाकोळीसारखं चपळ वगैरे. पडद्यावरच्या आपल्या माणसाच्या पाठीवर दोन लांब वेण्या लोंबतायत हे त्याच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

“जिपार, ही बाई कोण?”

“तुम्हीच, बाबा.”

बातमा हसता हसता खोकायला लागली. “आता तुला नवरा शोधायला हवा ग बाई!”

वेण्या राहू देत, एसेनकुल म्हणाला. हेराला सोंग घ्यावंच लागतं. पण ते गाव त्याला पहिल्या पावलापासून आवडलं नाही. पडद्याच्या खाली चाळीस चित्रं होती. एक दाबलं की तलवार निघायची, दुसरं दाबलं की बाई नाचायची. ऐन लांडग्यांच्या गराड्यात तो दोनदा नाचला. मेल्यावर स्मशानात पुन्हा उठून उभा राहिला तेव्हा त्यानं तोंडावरून हात फिरवून प्रार्थना पुटपुटली आणि लॅपटॉप बंद केला. जिथं मेलेलं माणूस उठतं ते ठिकाण धड नव्हे, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

वेशीवर एक म्हातारा उभा असायचा, डोक्यावर पिवळी खूण. तो सगळ्यांना कामं सांगायचा. कारलिगाचला त्यानं सांगितलं, बारा रानडुकरं मार आणि मांस आणून दे. एसेनकुलनं डुकरं मारली. मांस मात्र हराम, त्याला हात लावेना.

“बाबा, ते उचलल्याशिवाय पुढचा रस्ता उघडत नाही,” जिपार काकुळतीला आली.

“त्या म्हाताऱ्याला सांग, मेंढीचं हवं असेल तर आणतो.”

“तो माणूस नाहीये, बाबा. त्याला सांगून काही उपयोग नाही.”

“मग त्याचं ऐकायचं तरी कशाला?”

चार दिवस तो डुकरं मारत वेशीवरच अडकला. येणाऱ्याजाणाऱ्यांना गंमत वाटायची. पन्नास मेलेल्या डुकरांच्या मधोमध ही पोरगी शांत उभी! कुण्या अनोळखी माणसानं येऊन तिच्या पुढ्यात चांगले बूट आणि ढाल टाकली आणि काही न बोलता निघून गेला. एसेनकुलचं डोकं भणाणलं. ओळख ना पाळख, फुकट कोण देतं? दुसऱ्या दिवशी तो त्या माणसाला हुडकत वेशीलगतचं अख्खं रान फिरला आणि बूट परत घे म्हणून मागे लागला. तो माणूस हात जोडून पळाला. शेवटी जिपारनंच, सासरे चहा प्यायला उठलेले पाहून, डुकराचं मांस गुपचूप उचललं. हे पाप तिनं आपल्या माथ्यावर घेतलं आणि रस्ता उघडला.

मग मिळाला घोडा. बटण दाबलं की हवेतून उगवायचा, पुन्हा दाबलं की गुल. एसेनकुलनं त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. डाग नाही, कुणाच्या मालकीची खूण नाही. घाम येत नाही, थंडीत नाकातून वाफ निघत नाही, लीद टाकत नाही.

“चोरीचा आहे,” त्यानं निकाल दिला. तरी बसला. चाळीस वर्षांची मांड, घोडं खोटं असलं तरी सुटत नाही. त्या घोड्यावरून तो एकदाही पडला नाही.

कुबातचा तळ एका टेकडीखाली होता. पंधरा-वीस तंबू, मध्ये शेकोटी. खेळात कुबातनं आपल्या घोड्याचंच नाव घेतलं होतं, तोरू. एसेनकुलनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते टेकडीवरून. चिलखत, खांद्यावर लांडग्याचं कातडं आणि शेजारी पांढऱ्या झग्यातली ती आकमोर. एसेनकुलला वाटलं, सरळ जावं आणि तिला विचारावं, कुणाच्या घरची तू?

पण तो सरळ गेला नाही. लोक तळात घुसायचे ते भरधाव, शेकोटीपर्यंत. एसेनकुलला ते बघवेना. आपल्याकडे वस्तीवर घोडा उधळत कोण आणतं? ज्याच्या तोंडी मरणाची बातमी असते तोच. बाकीच्यानं चाळीस पावलं आधी उतरावं, लगाम हातात घ्यावा, चालत यावं. कुबात आठ वर्षांचा असताना एकदा घरापर्यंत दौडत आला, तर आजी छाती पिटत बाहेर धावली होती. त्या दिवशी कुबातनं चाबकाची चव चाखली, आणि एसेनकुललाही रात्रभर झोप आली नव्हती.

म्हणून कारलिगाच चाळीस पावलं आधी उतरली. मागून दोन अस्वलं लागली होती, तरी उतरली आणि चालत आली. अस्वलांनी तिला शेकोटीपाशी गाठून लोळवलं. तळावरची मंडळी हसून बेजार झाली. “अगं बाई, घोडा पळवायचा असतो!” एकानं लिहिलं. “मिरवायला नाही दिलाय!”

तोरू हसला नाही. आकमोरनं कारलिगाचला उठवलं. तोरू जवळ येऊन नुसता उभा राहिला. मग त्यानं लिहिलं, “कुठल्या गावची?”

“नारिनकडची,” एसेनकुलनं एका बोटानं टाइप केलं. लबाडी करताना त्याचे कान तापायचे, आताही तापले.

आठवडाभर तो रोज दुपारी, अंगणातल्या तोरूला वैरण घालून झाली की, तळावर जायचा. एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नाही. अख्ख्या तळावर आणखी एकच जण लांबवर उतरून चालत यायचा, तो म्हणजे तोरू. एसेनकुलला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचाच राग आला. शिकवण लक्षात आहे, मग बायको कशी विसरला?

सातव्या दिवशी आकमोर एकटी सापडली. एसेनकुलनं आडपडदा ठेवला नाही. आपल्याकडे घराणं असंच पारखतात.

“तुझे सात पूर्वज सांग.”

आकमोरनं घडाघडा सात नावं सांगितली, एकही न अडखळता. एसेनकुल चरकला. घराण्याची दिसतेय. म्हणजे प्रकरण पक्कं आहे.

“परक्याच्या नवऱ्याबरोबर दिवसभर फिरताना लाज नाही वाटत?”

उत्तर आलं: “ताई, हे तुम्ही त्यालाच विचारा. उद्या दुपारी तो येईल.” आणि आकमोर दिव्यासारखी विझून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणं लवकर उरकली. एसेनकुल पडद्यासमोर, मागे जिपार, आणि दाराशी बातमा. ऐकायचं नाही असं दाखवत ती एकच वाडगा पुसत होती. कारलिगाच शेकोटीपाशी उभी होती. तळावर दुसरं कुणी नव्हतं.

टेकडीवर तोरू दिसला. एसेनकुल चाळीस पावलांच्या खुणेकडे बघत राहिला. तिथं एक मोडका खांब होता, तोरू रोज तिथंच उतरायचा.

आज तो उतरला नाही. त्यानं घोडा सोडला तो सरळ. खांब मागे पडला. तंबू मागे पडले. भरधाव, थेट कारलिगाचच्या पायापर्यंत.

काही लिहून यायच्या आधीच एसेनकुलला कळलं. बातमी काय ते कळलं नव्हतं, पण ती कुठल्या जातीची आहे ते कळलं होतं.

“बाबा,” पडद्यावर अक्षरं उमटली. “पहिल्याच दिवशी ओळखलं मी तुम्हाला. अस्वल मागे लागलेलं असताना खाली उतरणारा दुसरा कोण असणार?”

एसेनकुलनं एकच शब्द लिहिला. “सांग.”

“डावा पाय गेला, बाबा. गुडघ्याखाली. उन्हाळ्यात, गोदामात. माल उचलायची गाडी अंगावर आली. तेव्हापासून इथं दवाखान्यात आहे. फोनवर बोलायला जायचो तेव्हा तुम्ही तोरूबद्दल सांगत बसायचा. माझ्या तोंडून शब्दच फुटायचा नाही. इथं निदान घोड्यावर बसता येतं.”

बातमाच्या हातातला वाडगा फुटला. जिपारच्या तोंडून पहिला प्रश्न निसटला, “आणि ती आकमोर?”

एसेनकुलनं तसंच्या तसं लिहिलं.

“मामासाली-अके, मला थोरल्या भावासारखे. ओशचे ट्रकवाले, वय त्रेपन्न. माझ्या शेजारच्या खाटेवर आहेत. काल तुम्ही सात पूर्वज विचारल्यापासून भेदरलेत, जेवलेसुद्धा नाहीत.”

जिपार हसली, आणि हसता हसता तिचा ऊर फुटला. बातमानं तिला कुशीत घेतलं. एसेनकुलला दोघींकडे बघवेना. पाच महिने त्यानं पोरावर नाही नाही ते संशय घेतले. कामावर घेतला, चालीवर घेतला, भिंतीच्या रंगावर घेतला. पण पोराला आपलंच भय वाटत असेल, हा संशय मात्र त्याला एकदाही आला नव्हता. याची त्याला इतकी शरम वाटली की वेण्यावाल्या कारलिगाचकडेही बघणं नको झालं.

वाईट बातमी घेऊन आलेल्याचा लगाम धरतात, त्याला हात देऊन खाली उतरवतात. एसेनकुलनं चाळीसही चित्रं एकेक करून दाबली. कारलिगाचनं तलवार काढली, ढाल धरली, एकदा नाचलीसुद्धा.

“लगाम धरायचं बटण कुठंय?” त्यानं विचारलं.

“नाहीये, बाबा,” जिपार म्हणाली.

“एवढा मोठा खेळ, आणि एवढं साधं नाही?” मग त्यानं एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत लिहिलं, “खाली उतर. जिपार बोलेल तुझ्याशी.” आणि खुर्चीवरून उठला.

तो अंगणात आला तेव्हा ऊन अजून होतं. तोरू घोडा कुडाशी उभा होता, नाकातून वाफ सोडत. एसेनकुलनं त्याच्यावर खोगीर चढवलं, पट्टा आवळला. मग, आजवर फक्त डावीकडूनच चढणाऱ्या त्यानं, जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. तो वळसा घालून उजव्या बाजूला गेला, उजवा पाय रिकिबीत घातला आणि खोगिराला धरून लोंबकळला.

तोरू बिचकून बाजूला सरला. कान मागे पाडले, मान वळवली आणि डोळ्यांचा पांढरा कोपरा दाखवत मालकाकडे बघायला लागला. या बाजूनं? कोण आहेस तू?

“बघ, बघ,” एसेनकुल त्याच्या मानेवर हात फिरवत म्हणाला. “मीही असाच बघत होतो. पण कुबात आता याच बाजूनं चढणार.”

घोडा थोडा शांत झाला, तसा त्यानं उजवा पाय पुन्हा रिकिबीत घातला.