अठरावं लागलं

मंगळवार, सकाळी साडेदहा, हिंगोली कोर्टाचा व्हरांडा. हजर : मी, म्हणजे बाल संरक्षण कक्षाची कायदा अधिकारी, फौजदार, ती मुलगी आणि तिचे आईवडील. मुलीचं नाव कायद्याने छापता येत नाही, म्हणून ‘ती’.

कुटुंब आंध आदिवासी. जंगलालगतचा तुकडा ते पिढ्यान्‌पिढ्या कसतात. ही जमीन वनखात्याची म्हणत त्यातली तूर उपटायला आलेल्या वनरक्षकाला तिने ढकललं. गुन्हा नोंदला गेला. वय लिहिलं अठरा. अठरा पूर्ण असतील तर मोठ्यांचं कोर्ट आणि जेल. कमी असेल तर बाल न्याय मंडळ, म्हणजे मुलांसाठीचं वेगळं न्यायपीठ.

“अठरा कोणी सांगितलं?”

“बापानंच, मॅडम,” फौजदार म्हणाले.

वडील गडबडले. “अठरा न्हाई सायेब, अठरावं लागलं म्हनलो व्हतो.”

लागलं, म्हणजे सुरू झालं. पूर्ण झाली ती सतराच.

फौजदारांनी कपाळाला हात लावला. “चुकलंच. पण आता कागद लागेल.”

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चारपर्यंत वेळ दिला. मी यादी केली. आधी शाळेचा दाखला. ती शाळेत गेलीच नव्हती. मग जन्मनोंद, गावच्या ग्रामपंचायतीत नव्हती. शेवटी डॉक्टरी तपासणी. त्या तपासणीतून फक्त अंदाज कळतो.

तेव्हा आई बोलली. “काहून तिथं हुडकून राहिल्या, बाई? पहिलं बाळंतपण माहेरात असतंय की. ही माझ्या माहेरी झाली, शिरड शहापूरला.”

माझी स्वतःची दोन्ही बाळंतपणं माहेरी झालेली. तरी सुचलं नव्हतं.

तिथल्या ग्रामसेवकांना फोन लावला. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. “नाव नाही, मॅडम, नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय. पण आईबापाचं नाव बराबर आहे.” शिक्का मारलेला उतारा घेऊन ते स्वतः मोटारसायकलवर निघाले. चारला वीस मिनिटं कमी असताना पोचले. चहालाही थांबले नाहीत. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानते.

घटनेच्या दिवशी ती सतरा वर्षं सात महिन्यांची होती. प्रकरण मंडळाकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी ती आईच्या हमीवर घरी.

“लेकीचं वय तरी नीट सांगायचं शिका,” आई नवऱ्याला म्हणाली.

“नीटच सांगितलं व्हतं. लिवनाऱ्याला इचार.”

फौजदार हसले. आता तेही वय विचारताना ‘लागलं की झालं?’ असं विचारतात.

माझ्या यादीत एक ओळ उरली आहे : त्या तुकड्याचा वनहक्क दावा, म्हणजे कसत्या जमिनीवर हक्क मागणारा अर्ज. निकाल नाही. तूर शेंगेला आली आहे.