कच्चं खाणारा मोत्या

मित्रांनो, खिम्याचं यंत्र, वाटीचा लोखंडी स्टँड, मांसाचे पत्र्याचे डबे, सगळं मी आमच्या कुत्र्यासाठी, मोत्यासाठी, स्वतःच्या हातानं बनवलं. दूध-भाकरीनं त्याचे केस झडत होते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून त्याला हळूहळू कच्च्या मांसावर आणलं.

शेजारचे काका रोज म्हणायचे, "भाऊ, रक्ताची चटक लागली की लेकरांना चावंल. गल्लीतून काढा त्याला."

आज त्यांच्याच नातीनं मोत्याच्या भरल्या वाटीत हात घातला. मी धावलो. मोत्या नुसता मागं सरकला आणि शेपटी हलवत उभा राहिला. पोरीचे हात मी साबणानं धुतले. कच्चं मांस आहे, हयगय चालत नाय.

तासाभरानं काका दारात. "पोरीला दातबी लावला नाय. माझ्या गंगापूरच्या शेतावर राखणीला ह्यो लई कामाचा कुत्रा हाय. मला द्या, पंधरा हजार देतो."

तुम्ही दिला असता का? मी पंधरा हजारांना नाय म्हणालो.